घरचा सर्व्हर डेबियन १२ वरून १३ वर नेताना: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांच्या घरी जुन्या लॅपटॉपवर किंवा मिनी पीसीवर डेबियन ही लिनक्स प्रणाली चालते आणि त्यात घरच्यांचे फोटो, कागदपत्रे, हिशेब, सिनेमे ठेवलेले आहेत, त्यांच्यासाठी हे पान आहे. डेबियन १३ म्हणजे 'ट्रिक्सी' ९ ऑगस्ट २०२५ रोजी आले. तेव्हापासून इंदिरानगर, सिडको, गंगापूर रोड, नाशिकरोड अशा ठिकठिकाणच्या ओळखीच्या मंडळींचे फोन येत राहिले आणि प्रश्न बहुधा तेच असायचे. त्यांची उत्तरे इथे एकत्र लिहिली आहेत. घाईत असाल तर निदान बॅकअपचे उत्तर पूर्ण वाचा. बाकी काही बिघडले तर निस्तरता येते.

सगळे व्यवस्थित चालले आहे. मग हात लावायचाच कशाला?

सुरक्षेसाठी. डेबियन १२ हे १० जून २०२३ ला आले. डेबियनची सुरक्षा टीम प्रत्येक आवृत्तीला सुमारे तीन वर्षे सांभाळते, म्हणजे १२ साठी १० जून २०२६ पर्यंत. त्यापुढे ३० जून २०२८ पर्यंत दीर्घकालीन आधार आहे, पण तो वेगळी टीम देते. १३ साठी हीच मुदत ऑगस्ट २०२८ आणि त्यानंतर जून २०३० पर्यंत आहे.

म्हणून घाबरून आज रात्रीच बसायची गरज नाही, पण २०२८ ची वाटही पाहू नका. सर्व्हर इंटरनेटवर उघडा असेल, म्हणजे बाहेरून कोणालाही लॉगिनचे पान दिसत असेल, तर मी लवकर करायला सांगेन. फक्त घरातल्या वायफायवर चालत असेल तर सवडीने करा.

माझ्याकडे अजून डेबियन ११ आहे. थेट १३ टाकू का?

नाही. ११ वरून १२, मग १२ वरून १३. डेबियनमध्ये एका वेळी एकच पायरी चढायची असते. १२ वर आल्यावर आठवडाभर घरच्यांना नेहमीसारखे वापरू द्या, सगळे जागेवर आहे याची खात्री करा आणि मगच पुढे जा. दोन्ही एकाच रविवारी उरकले आणि काही बिघडले, तर कोणत्या पायरीवर बिघडले हे शोधण्यातच दिवस जाईल.

फोटो जातील का?

अपडेट तुमच्या फोटोंच्या फोल्डरला हात लावत नाही. ते प्रोग्राम बदलते, त्यांच्या सेटिंगच्या फाइली बदलते, कर्नेल म्हणजे प्रणालीचा गाभा बदलते. पण डिस्क जुनी असते, मध्येच वीज जाते, चुकीच्या विंडोत चुकीची आज्ञा टाइप होते. म्हणून बॅकअप हवाच. आणि बॅकअप म्हणजे परत आणून पाहिलेला बॅकअप. नुसती दुसऱ्या डिस्कवर कॉपी पडलेली आहे, एवढ्याने मी कोणाला अपडेट करू देत नाही.

नेक्स्टक्लाउड (घरचे फाइल-फोटो साठवण्याचे ॲप) असेल तर तीन गोष्टी लागतात: डेटा फोल्डर, कॉन्फिग डॉट पीएचपी ही फाइल आणि डेटाबेसचा डम्प, म्हणजे पूर्ण उतारा. बरेच जण फक्त डेटा फोल्डर घेतात. त्यातून फोटो वाचतात, पण कोणाला काय शेअर केले होते, कॅलेंडरमध्ये काय होते, आईच्या फोनमधले संपर्क कोणते होते, हे सगळे डेटाबेसमध्ये असते. ते गेले तर गेले. इमिच या फोटोंच्या ॲपचेही तसेच आहे: अल्बम आणि चेहऱ्यांची नावे पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये राहतात, नुसत्या फोटोंच्या फोल्डरमध्ये नाहीत. चालू डेटाबेसचे फोल्डर जसेच्या तसे कॉपी करू नका. ते अर्धवट उतरू शकते. 'पीजी डम्प' किंवा 'मारियाडीबी डम्प' याच वाटेने घ्या.

परत आणून पाहायला मोठे यंत्र लागत नाही. धूळ खात पडलेला एखादा लॅपटॉप चालेल, किंवा रोजच्या संगणकावरचे व्हर्च्युअल मशीन. त्यावर बॅकअप उतरवा आणि तीन गोष्टी उघडून पाहा: काही वर्षांपूर्वीचा एक फोटो, एक पीडीएफ, एक संपर्क. तिन्ही उघडले की मन शांत होते, आणि पुढची कामेही त्याच शांतपणे होतात.

बॅकअपची डिस्क कुठे ठेवता तेही पाहा. सर्व्हरच्याच टेबलाखाली असेल तर उपयोग अर्धाच. गोदाकाठी, सराफ बाजार किंवा भांडी बाजाराच्या बाजूला तळमजल्यावर राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. दुतोंड्या मारुतीच्या कोणत्या अंगापर्यंत पाणी आले यावरून आपण पूर मोजतो, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये बाजारपेठेतल्या दुकानांची काय अवस्था झाली ते सगळ्यांनी पाहिले आहे. एक प्रत दुसऱ्या घरी हवी. रेस्टिक किंवा बोर्ग हे बॅकअपचे प्रोग्राम वापरलेत तर प्रत कुलूपबंद राहते आणि ज्यांच्या घरी ठेवली त्यांना आतले काही दिसत नाही. तो पासवर्ड मात्र कागदावर लिहून घरातल्या आणखी एका माणसाला दाखवून ठेवा.

मी पुण्यात नोकरीला आहे, सर्व्हर नाशिकला आईबाबांकडे. इथूनच केले तर?

हा प्रश्न सर्वात जास्त येतो. माझे उत्तर: थांबा, दिवाळीला किंवा जोडून सुट्टी आली की घरी जा आणि तिथे बसून करा.

कारण नेटवर्कचे आहे. नवीन कर्नेल आणि नवीन सिस्टमडी या सेवा सांभाळणाऱ्या भागामुळे काही यंत्रांवर नेटवर्क कार्डाचे नाव बदलू शकते. नाव बदलले आणि तुमच्या सेटिंगमध्ये जुने नाव असले, तर रीबूटनंतर सर्व्हर चालू असतो पण घरच्या राउटरला तो दिसतच नाही. समोर मॉनिटर आणि कीबोर्ड असला तर दोन मिनिटांचे काम. पुण्यातून मात्र वडिलांना फोनवर "बाबा, आता काळ्या पडद्यावर काय लिहिलंय ते वाचा" असे सांगत बसावे लागते. त्यांनाही त्रास, तुम्हालाही.

अगदी इलाजच नसेल तर टीमक्स किंवा स्क्रीनच्या आत काम सुरू करा, म्हणजे तुमचे इंटरनेट तुटले तरी तिकडचे काम थांबत नाही. सर्व्हरला मॉनिटर आधीच जोडून ठेवायला सांगा आणि घरात कोणीतरी जागे असताना करा. सध्या सिंहस्थाच्या कामांसाठी जिथे तिथे रस्ते खणलेले असतात आणि फायबर कधी तुटेल याचा भरवसा नसतो, तेही लक्षात घ्या.

मध्येच लाइट गेली तर?

लॅपटॉप असेल तर त्याची बॅटरी हाच यूपीएस, फक्त ती किती वेळ टिकते ते आधी प्लग काढून पाहा. डेस्कटॉप किंवा मिनी पीसी असेल तर यूपीएसशिवाय सुरुवात करू नका. घरच्या इन्व्हर्टरवर विसंबणाऱ्यांनी एक तपासावे: लाइट गेल्यावर इन्व्हर्टर चालू व्हायच्या क्षणभरात पंखा फिरत राहतो, पण संगणक बंद पडून पुन्हा सुरू होऊ शकतो. बऱ्याच इन्व्हर्टरना यूपीएस मोडचे बटण असते, ते त्या बाजूला आहे ना पाहा. राउटर आणि फायबरचा डबा हेही त्याच लाइनवर हवेत. महावितरणकडून देखभालीसाठी वीज बंदचा संदेश आला असेल तर तो दिवस सोडाच. आणि वळवाचे ढग भरून आले असतील तर त्या संध्याकाळी मुळीच नको.

तरीही मध्ये बंद पडलेच, तर बहुतेक वेळा सावरता येते. यंत्र सुरू करून रूट (मुख्य प्रशासक) म्हणून 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' चालवा, मग 'एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल', आणि राहिलेले अपग्रेड पुन्हा सुरू करा. ते जिथे थांबले तिथून पुढे जाते.

आधी नेक्स्टक्लाउड वाढवायचे की आधी डेबियन?

आधी नेक्स्टक्लाउड. नेक्स्टक्लाउड पीएचपी या भाषेवर चालते. डेबियन १२ मध्ये पीएचपी ८.२ आहे, १३ मध्ये ८.४. नेक्स्टक्लाउड ३० ला ८.४ चालत नाही, ३१ पासून चालते. म्हणून १२ वर असतानाच नेक्स्टक्लाउड ३१ किंवा पुढच्या आवृत्तीवर न्या, आणि तिथेही एकेक मोठी आवृत्ती ओलांडत जा, मधली गाळता येत नाही. २८ वर अडकून पडलेले एखादे घर असेल तर त्यांचे काम खरे इथेच आहे, डेबियनचे काम त्यामानाने सोपे.

अपग्रेडनंतर ब्राउझरमध्ये '५०२ बॅड गेटवे' दिसले तर घाबरू नका. एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या सेटिंगमध्ये पीएचपीच्या सॉकेटचा पत्ता लिहिलेला असतो आणि त्यात '८.२' हा आकडा असतो. तो '८.४' करायचा, एनजिनएक्स पुन्हा लोड करायचे, पान उघडते. मात्र मेमरी लिमिट, अपलोडची मर्यादा असे जे बदल तुम्ही जुन्या पीएचपीच्या आयएनआय फाइलमध्ये केले होते, ते नवीनमध्ये आपोआप येत नाहीत. म्हणून जुन्या फाइलमधले तुमचे बदल आधीच एका कागदावर उतरवून ठेवा. मोठे व्हिडिओ चढत नाहीत अशी तक्रार घरून आठवडाभराने येते, तिचे मूळ बहुधा हेच असते.

प्रत्यक्ष काय काय करायचे?

प्रथम १२ पूर्ण अद्ययावत करा आणि एकदा रीबूट करून पाहा. बऱ्याच सर्व्हरना महिनोन् महिने रीबूट माहीत नसते. जुने दुखणे असेल तर ते अपग्रेडच्या आधीच कळलेले बरे. डिस्कवर जागा आहे का पाहा, विशेषतः बूटच्या भागात. १३ च्या अधिकृत सूचनांनुसार वेगळे बूट पार्टिशन असेल तर ते निदान ७६८ एमबीचे असावे आणि त्यात सुमारे ३०० एमबी मोकळे असावेत. जुने कर्नेल साठून ते भरलेले असते.

मग एपीटीच्या (प्रोग्राम बसवणाऱ्या साधनाच्या) सोर्सेस डॉट लिस्ट फाइलमध्ये जिथे जिथे 'बुकवर्म' हे १२ चे नाव आहे तिथे 'ट्रिक्सी' करा. बाहेरचे स्रोत, म्हणजे डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारे), जेलीफिन (सिनेमे दाखवणारे) वगैरेंचे, तूर्त बंद ठेवा. मग 'एपीटी अपडेट', मग 'एपीटी अपग्रेड --विदाउट-न्यू-पीकेजीएस', आणि शेवटी 'एपीटी फुल-अपग्रेड'. फुल-अपग्रेड सुरू होण्याआधी काय काढले जाणार याची यादी येते. ती वाचा. त्यात नेक्स्टक्लाउडला लागणारे किंवा डेटाबेसचे काही दिसले तर 'नाही' म्हणा आणि कारण शोधा. सगळे संपल्यावर रीबूट, आणि मग बाहेरचे स्रोत 'ट्रिक्सी'साठी पुन्हा चालू करा.

एक खबरदारी: काहींच्या फाइलमध्ये 'बुकवर्म'ऐवजी 'स्टेबल' असा शब्द असतो. तसे असेल तर नवी आवृत्ती आल्या दिवशी साध्या अपडेटमध्येच १३ आत शिरू लागते. तिथे नेहमी आवृत्तीचे नाव लिहा.

मध्येच थांबून "ही फाइल तुम्ही बदललेली आहे" असे विचारतो. कोणते बटण दाबू?

इथे बहुतेक लोक अडतात, म्हणून सविस्तर सांगतो. एखाद्या प्रोग्रामच्या सेटिंगची फाइल तुम्ही पूर्वी हाताने बदललेली असते आणि नव्या आवृत्तीत तिचे नवे रूप आलेले असते. डेबियन विचारते, कोणती ठेवू? 'वाय' म्हणजे नवी घ्या, 'एन' म्हणजे तुमची ठेवा, 'डी' म्हणजे दोन्हींतला फरक दाखवा. नुसते एंटर दाबले तर तुमची राहते.

आधी 'डी' दाबायची सवय लावा. फरक दिसतो, 'क्यू' दाबून बाहेर या, मग ठरवा. एसएसएचची (दुरून लॉगिन करण्याची) फाइल असेल आणि त्यात तुम्ही पासवर्डने लॉगिन बंद केले असेल किंवा पोर्ट बदलला असेल, तर तुमचीच ठेवा. नाहीतर रीबूटनंतर तुमच्याच दाराबाहेर उभे राहाल. साम्बाची (फोल्डर शेअर करणाऱ्या प्रोग्रामची) फाइल असेल तरी तुमचीच ठेवा, कारण घरातल्या शेअर फोल्डरांची नावे त्यात आहेत. ज्या फाइलमध्ये काय बदलले होते हे आठवतच नाही आणि फरक एक-दोन ओळींचाच दिसतो, तिथे 'वाय' चालेल. तुम्ही 'एन' म्हटले तरी नवी फाइल शेजारी 'डीपीकेजी-डिस्ट' किंवा 'यूसीएफ-डिस्ट' अशा शेपटाने ठेवलेली असते, ती नंतर निवांत पाहता येते. म्हणजे 'एन'ने काही हरवत नाही.

डव्हकॉट हा मेल सर्व्हर चालवणाऱ्यांनी मात्र वेगळा वेळ काढावा. १३ मधल्या २.४ आवृत्तीला जुनी सेटिंग चालत नाही, ती नव्याने लिहावी लागते.

व्हीपीएन जोडले जाते, सर्व्हरही उघडतो, पण घरातला कॅमेरा आणि प्रिंटर दिसत नाहीत. आधी दिसत होते.

१३ मध्ये सिस्टमडी 'सिसकंट्रोल डॉट कॉन्फ' (sysctl.conf) ही जुनी फाइल वाचत नाही. वायरगार्ड किंवा टेलस्केल हे व्हीपीएन बसवताना बऱ्याच जणांनी आयपी फॉरवर्डिंगची (सर्व्हरमार्गे पुढच्या यंत्रांपर्यंत जाऊ देणारी) ओळ त्याच फाइलमध्ये लिहिलेली असते. ती ओळ आता दुर्लक्षित राहते, म्हणून सर्व्हरपर्यंत पोहोचता येते, त्याच्या पलीकडे नाही. शेजारच्या 'सिसकंट्रोल डॉट डी' फोल्डरमध्ये 'डॉट कॉन्फ' शेपटाची एक फाइल बनवून ओळ तिथे हलवा आणि 'सिसकंट्रोल --सिस्टम' चालवा. हा बदल अपग्रेडच्या आधीच केला तर काही जाणवतही नाही. १२ मध्येही तो फोल्डर वाचला जातो.

पोस्टग्रेसचे काय? १५ आणि १७ दोन्ही दिसत आहेत.

बरोबर आहे. तुमचा डेटा १५ मध्येच आहे आणि प्रोग्राम त्याच्याशीच बोलत आहेत. १७ शेजारी रिकामे उभे आहे. 'पीजी एलएसक्लस्टर्स' चालवा, दोन्ही ओळी पोर्टसह दिसतील. डेटा हलवण्यासाठी आधी ते रिकामे १७ काढायचे आणि मग 'पीजी अपग्रेडक्लस्टर १५ मेन'. काढण्याच्या आज्ञेत आकडा टाकताना दोनदा पाहा, कारण १५ टाकलेत तर डेटाच जातो. त्याआधी ताजा डम्प घ्या. हे त्याच दिवशी करायची सक्ती नाही. एक-दोन आठवडे सगळे स्थिर चालू द्या आणि मग करा.

माझे सगळे डॉकरमध्ये आहे. मला यातले काही लागू आहे का?

फार कमी. पीएचपी आणि पोस्टग्रेस कंटेनरच्या, म्हणजे स्वतंत्र डब्याच्या, आत असल्याने बाहेरच्या डेबियनच्या आवृत्तीचा त्यांना फरक पडत नाही. कंटेनर आधी थांबवा, डॉकरचा स्रोत १३ साठी बदला, रीबूट करा, पुन्हा सुरू करा. बॅकअपचे उत्तर तुम्हालाही तितकेच लागू आहे.

अपडेटनंतर मोठ्या फाइली हाताळताना जागा संपल्याचे सांगतो, डिस्क तर अर्धी रिकामी आहे.

१३ मध्ये टेम्प, म्हणजे तात्पुरत्या फाइलींचा फोल्डर, डिस्कवर नसून मेमरीत असतो आणि तो जास्तीत जास्त निम्मी मेमरी घेतो. ४ जीबीच्या लॅपटॉपवर म्हणजे २ जीबीच. पूर्वीसारखा डिस्कवर हवा असेल तर 'सिस्टमसीटीएल मास्क टीएमपी डॉट माउंट' चालवून रीबूट करा.

युनोहोस्ट, प्रॉक्समॉक्स, रास्पबेरी पाय यांच्यासाठी हीच पद्धत का?

नाही. युनोहोस्ट ही घरच्या सर्व्हरची तयार प्रणाली डेबियनवर उभी असली तरी स्रोतांची फाइल हाताने बदलू नका. त्यांच्या प्रशासन पानावर त्यांचे स्थलांतर आले की तेच चालवा. प्रॉक्समॉक्स (व्हर्च्युअल मशीन चालवणारी प्रणाली) ८ वरून ९ वर जायला त्यांची 'पीव्हीई८टू९' ही तपासणी आधी चालवा आणि ती लाल रंगात जे सांगेल ते पूर्ण करा. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचे निर्माते चालू कार्डावर अपग्रेड करण्यापेक्षा नव्या कार्डावर नवी प्रणाली टाकायला सांगतात, आणि माझेही तेच मत आहे. जुने कार्ड तसेच बाजूला राहते, हीच मोठी सोय.

संगणक खूप जुना, ३२ बिटचा आहे.

मग १२ वरच राहा. १३ मध्ये ३२ बिटच्या पीसीवर प्रणाली बसवण्याचा आधार राहिलेला नाही. पण आधी 'एलएससीपीयू' चालवून पाहा. कोअर टू ड्युओच्या काळातली बरीच यंत्रे मुळात ६४ बिटची असतात, फक्त त्यांवर कोणीतरी ३२ बिटचे डेबियन टाकलेले असते. तसे असेल तर बॅकअप घेऊन ६४ बिटचे १३ नव्याने बसवा.

आमची निफाडकडे द्राक्षबाग आहे. फवारणीच्या नोंदी, मजुरीचा हिशेब याच सर्व्हरवर. कधी करू?

माल तोडणीला आला असताना नको. जानेवारी ते मार्च-एप्रिल निर्यातीसाठी फवारणीच्या नोंदी कधीही मागितल्या जातात आणि त्या वेळी सर्व्हर बंद पडून चालत नाही. गोडी छाटणीनंतरचे आठवडेही नकोत, कारण तेव्हा रोज नोंदी होतात. माल निघून गेला, खरड छाटणी आटोपली आणि पाऊस अजून लांब आहे, तो काळ तुमच्यासाठी चांगला. आदल्या दिवशी चालू हंगामाच्या नोंदींची पीडीएफ काढून मोबाइलमध्ये ठेवा, म्हणजे बागेत उभे असताना काही अडणार नाही.

शहरातल्या घरांनीही हाच विचार करावा. मुलीच्या प्रवेशाची कागदपत्रे त्यात आहेत आणि उद्या शेवटची तारीख आहे, अशा दिवशी अपडेट नको. घरच्यांना दोन दिवस आधी सांगा की रविवारी दुपारी जेवणानंतर फोटो आणि फाइली तीन-चार तास दिसणार नाहीत. सर्व्हर घरातल्या सगळ्यांचा आहे.

नाही आवडले तर परत १२ वर येता येते का?

डेबियनमध्ये मागे फिरायची सोय नाही. आधी क्लोनझिलाने पूर्ण डिस्कची प्रतिमा घेतली असेल, किंवा प्रॉक्समॉक्सवर व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट असेल, तर त्यावरून तासाभरात पूर्वस्थिती येते. मिनी पीसीमध्ये एसएसडी लहान असते, म्हणून प्रतिमा घेणे अवघड नाही. मी ती नेहमी घेतो.

झाल्यावर काय काय तपासू?

'सिस्टमसीटीएल --फेल्ड' चालवून बंद पडलेल्या सेवा पाहा. मग घरच्यांच्या फोनवरून पाहा, तुमच्या नाही: फोटो आपोआप चढतो का, टीव्हीवर जेलीफिन लागते का, कॅलेंडर जुळते का. त्या रात्रीचा बॅकअप सकाळी खरोखर झाला आहे का ते पाहायला विसरू नका, कारण अपग्रेडनंतर बॅकअपची वेळापत्रके गुपचूप बंद पडलेली असू शकतात. आणि जुनी डिस्क प्रतिमा निदान महिनाभर पुसू नका.